रस्त्यांवर एवढा पैसा जातो, मग पाणी कुठे मुरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शहरातल्या रस्त्यांसाठी दरवर्षी अंदाजपत्रकात भली मोठी तरतूद होते, उड्डाणपूल होतात, रुंदीकरण होतं, तरी खड्डेही तेच आणि कोंडीही तीच. मग सरकारनं आणखी पैसा घालावा, की हा पैसा मुळातच वाया जातोय? आणि नव्या उड्डाणपुलाचा आग्रह धरावा की विरोध करावा?

रस्त्यांची अंदाजपत्रकं तयार करणं आणि पुढे इतरांनी केलेली तपासणं यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. खड्डे हा रस्त्याच्या अवस्थेचा प्रश्न, कोंडी हा त्याच्या वापराचा. पहिल्यावर उपाय म्हणून रुंदीकरण केलं तर खड्ड्यांना जागा वाढते. दुसऱ्यावर उपाय म्हणून नवं डांबर टाकलं तर गाड्या गुळगुळीत रस्त्यावर खोळंबतात. सरकारनं किती खर्च करावा हा प्रश्न त्यानंतरचा. माझा अनुभव असा, की किती रक्कम आली यापेक्षा ती कुठल्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदराखाली) आली आणि रस्त्याच्या आयुष्यात कधी पोचली, यावर सगळं ठरतं.

पुढचं काही बाबतीत परिस्थितीप्रमाणे बदलेल. खाली चिकणमाती आहे की मुरूम, पाऊस किती, हिवाळ्यात जमीन गोठते का, जमिनीखालचे पाइप किती जुने, शहर अजून पसरतंय की भरून गेलंय, हे कळल्याशिवाय कोणी ठाम आकडे सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आधी खड्डे. डांबरी रस्ता वरून एकसंध दिसला तरी थरांचा असतो. तळाशी दाबून घट्ट केलेली माती, त्यावर खडीचे थर, सर्वांत वर डांबरात घोळवलेली खडी. शहरातल्या नेहमीच्या रस्त्यात वरचा थर पातळ असतो. भार मुख्यतः खालचे थर पेलतात. डांबराचं मोठं काम म्हणजे पाणी खाली जाऊ न देणं. उन्हा-हवेनं डांबर हळूहळू कडक होतं, केसासारख्या भेगा पडतात, त्यातून पाणी उतरतं. भिजलेल्या थरावरून चाक गेलं की खडीमधली बारीक माती पाण्याबरोबर उसळून बाहेर येते आणि खाली पोकळी राहते. त्यामुळे रस्ता एकसारख्या वेगानं बिघडत नाही. बरीच वर्षं तो जवळपास ठणठणीत दिसतो आणि मग एक-दोन पावसाळ्यांत कोसळतो.

खर्चही त्याच चालीनं वाढतो. भेगा पडताहेत तोवर त्या बुजवणं किंवा वर पातळ थर देणं पुरतं. खालचे थर भिजून गेले की पूर्ण खोदून पुनर्बांधणीच करावी लागते. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रस्ते संस्थेचा एक हिशोब आमच्या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो: वेळेवर न केलेली दुरुस्ती ३ वर्षांनी ६ पट आणि ५ वर्षांनी १८ पट महाग पडते. जागतिक बँकेच्या १९९४ च्या विकास अहवालात आफ्रिकेबद्दल असंच म्हटलं होतं, की आधीच्या दशकात १२ अब्ज डॉलर देखभालीवर वेळेवर खर्च झाले असते तर पुनर्बांधणीचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते. हे आकडे मुख्यतः शहराबाहेरच्या रस्त्यांचे आहेत. शहरात पट कमीजास्त होईल, पण दिशा तीच राहते.

यातून निघणारा निष्कर्ष लोकांना अजिबात पटत नाही: सर्वांत वाईट रस्ता सर्वांत आधी करणं हे बहुतेक वेळा पैशाचा अपव्यय असतं. जो रस्ता पूर्ण गेलाच आहे त्याचा खर्च पुढच्या वर्षी फारसा वाढणार नाही. पण ज्याला आत्ता कुठे भेगा पडू लागल्यात, तो या वर्षी सोडला तर पुनर्बांधणीच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून शहाणी शहरं प्रत्येक रस्त्याला अवस्थेचे ० ते १०० असे गुण देतात आणि घसरणीच्या उंबरठ्यावरचे रस्ते आधी पकडतात. अर्थात वाईट रस्ते सोडून देता येत नाहीत. तिथे माणसं पडतात, रुग्णवाहिका अडकतात. तिथे खड्डे नीट चौकोनी कापून, कोरडे करून, दाबून भरायचे. पण निधीचा मोठा हिस्सा त्यांनी खाल्ला की शहर कायम मागेच पळत राहतं. सभागृहात जेव्हा जेव्हा मी बऱ्यापैकी दिसणाऱ्या रस्त्याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव मांडला, तेव्हा पहिला प्रश्न हमखास यायचा: 'साहेब, चांगल्या रस्त्याला कशाला हात लावता?'

मग शहरं देखभाल का करत नाहीत? अभियंत्यांना कळत नाही म्हणून नव्हे. उत्तर हिशोबाच्या वहीत आहे, आणि या सगळ्या लिखाणातला हा एकच मुद्दा लक्षात ठेवलात तरी चालेल. नवं बांधकाम आणि पुनर्बांधणी भांडवली खर्चात जाते, म्हणजे टिकाऊ मालमत्ता उभी करण्याच्या खर्चात; देखभाल महसुली खर्चात, म्हणजे दर वर्षीच्या चालू खर्चात. वरच्या सरकारची अनुदानं, कर्जं, विकास निधी हे बहुतेक करून भांडवली कामालाच मिळतात. देखभालीचा पैसा शहराला स्वतःच्या उत्पन्नातून, पगार आणि वीजबिलं भागल्यावर उरलेल्यातून काढावा लागतो. म्हणजे रस्ता वेळेवर जपला तर सगळा खर्च आपल्या खिशातून. तो पार खचू दिला तर पुनर्बांधणीला बाहेरून पैसा येतो. असे नियम असतील तर रस्ता खचू देणं हाच शहराच्या फायद्याचा व्यवहार ठरतो, आणि त्यासाठी कोणाची नियत वाईट असावी लागत नाही. शिवाय नव्या कामाचं भूमिपूजन होतं. भेगा बुजवण्याचं अजून कोणी केलेलं मी पाहिलं नाही.

ही गरीब देशांपुरती गोष्ट नाही. अमेरिकेनं १९५६ च्या कायद्यानं आंतरराज्य महामार्गांचं जाळं हाती घेतलं तेव्हा बांधकामाचा ९० टक्के खर्च केंद्रानं उचलला आणि देखभाल राज्यांवर सोडली. व्हायचं तेच झालं. रस्ते जुने होऊ लागल्यावर १९७६ च्या कायद्यात त्यांच्या पुनर्डांबरीकरणाला आणि दुरुस्तीला केंद्राचा पैसा वापरायची मुभा द्यावी लागली. तेव्हा सरकारनं रस्त्यांवर जास्त गुंतवणूक करावी का, असं मला विचाराल तर मी आधी अनुदानाच्या अटी बघायला मागेन. देखभालीला बांधील असलेलं थोडं अनुदान हे बांधकामापुरत्या मोठ्या अनुदानापेक्षा जास्त किलोमीटर चांगले ठेवतं.

शहरी रस्त्याचं आणखी एक दुखणं महामार्गाला फारसं नसतं. त्याच्या पोटात पाणी, सांडपाणी, वीज, दूरसंचार, कधी गॅस असं सगळं नांदत असतं. नवा रस्ता झाला की महिन्याभरात कोणीतरी खोदतं, हा नागरिकांचा अनुभव खरा आहे. चर कितीही नीट भरला तरी त्याच्या दोन्ही कडांची माती सैल होते, सांध्यातून पाणी जातं, आणि चराच्या रुंदीपेक्षा बराच जास्त पट्टा निकामी होतो. खोदणाऱ्याकडून रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च वसूल होतो, पण कमी झालेल्या आयुष्याची किंमत सहसा लावली जात नाही. ती लावली की खोदण्याची घाई आपोआप कमी होते. याहून साधा उपाय म्हणजे रस्त्याच्या कामाआधी सगळ्या खात्यांकडून पुढच्या काही वर्षांच्या कामांची यादी लेखी घेणं, जुने पाइप आधी बदलणं आणि पुढे न खोदता केबल ओढता याव्यात म्हणून दर ठराविक अंतरावर रिकाम्या नळ्या आडव्या टाकून ठेवणं. नळ्यांचा खर्च एकूण कामात जाणवतही नाही, तरी काटछाट करताना पहिली कात्री त्यांनाच लागते. दुसरी गटारांना. पाण्यामुळे रस्ते मरतात हे वर सांगितलंच. त्यामुळे गटार वगळून केलेलं डांबरीकरण ही मी गुंतवणूक मानत नाही.

इथेच काँक्रीटची चर्चा निघते. काँक्रीट सुरुवातीला महाग, पण नीट केलं तर ३० वर्षांच्या आसपास टिकू शकतं आणि साचलेल्या पाण्याला डांबरासारखं घाबरत नाही. पण खालचे पाइप जुने असतील तर ते फोडणं आणि जोडणं दोन्ही त्रासाचं, आणि त्याची मजबुती २८ दिवसांच्या हिशोबानं मोजतात, म्हणजे वाहतूक बरेच दिवस वळवावी लागते. माझं मत असं, की पाइप बदलून झालेल्या मुख्य रस्त्यांवर, बसथांब्यांवर आणि जड वाहनं थांबतात त्या चौकांत काँक्रीट योग्य. गल्लीबोळात ते बहुधा अंदाजपत्रक फुगवतं.

बसथांब्यांचा उल्लेख मुद्दाम केला. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा: रस्त्याची हानी आसावरच्या (दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरच्या) भाराच्या चौथ्या घातानं वाढते. भार दुप्पट, तर हानी १६ पट. लहान मोटारीच्या आसावर अर्धा टन आणि भरलेल्या ट्रकच्या आसावर दहा टन धरले तर फरक २० पट नव्हे, २० चा चौथा घात म्हणजे १ लाख ६० हजार पट येतो. नियम ढोबळ आहे, नेमका घात रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. पण त्यातून गुंतवणुकीचं एक सूत्र मिळतं: जाडी सगळीकडे सारखी वाटू नका, जड वाहनं जातात तिथे ती ओता. बांधकामाचे डंपर, पाण्याचे टँकर, कचऱ्याच्या गाड्या कुठून जातात हे ठरवून दिलं आणि तेवढेच रस्ते भक्कम केले तर बाकीचे वर्षानुवर्षं टिकतात. आणि जादा भार भरलेल्या गाडीला दंड करणारा वजनकाटा हाही रस्त्यांवरचाच खर्च समजा.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: खड्ड्यांच्या बाबतीत पैसा कमी असेलही, पण तो उशिरा येतो, वरच्या थरावरच पडतो आणि खालच्या पाण्याला व पाइपांना विसरतो. आता कोंडी.

इथे माझं मत बऱ्याच लोकांना आवडत नाही. भरून गेलेल्या शहरात रुंदीकरणानं कोंडी कायमची सुटत नाही. अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञानं १९६२ मध्येच मांडलं होतं, की गर्दीच्या वेळी शहरातल्या द्रुतगती मार्गावरची वाहतूक त्याच्या क्षमतेपर्यंत वाढतेच. रस्ता मोकळा झाला की आधी दुसऱ्या वाटेनं, दुसऱ्या वेळी किंवा बसनं जाणारे लोक त्यावर येतात. पुढे घरं आणि कार्यालयंही त्या भरवशावर लांब जातात. डुरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा आंतरराज्य महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांनी त्यांच्यावर कापलेलं एकूण अंतर वाढलेलं दिसलं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा द्रुतगती मार्ग २००८ मध्ये रुंद झाला. बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी तो २६ लेनचा आहे. काही वर्षांत तिथला गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

उलटी उदाहरणंही आहेत. सोलमध्ये चोंगग्येचोन ओढ्यावरचा उन्नत रस्ता २००३ पासून पाडायला घेतला आणि २००५ मध्ये ओढा खुला झाला. शहर ठप्प होईल असं भाकीत होतं, ते खरं ठरलं नाही. मात्र त्याच सुमारास, २००४ मध्ये, त्यांनी बसव्यवस्था मुळापासून बदलली होती, हे सांगायचं राहू नये. नुसता रस्ता पाडून असं होत नाही. लंडननं २००३ मध्ये मध्यवर्ती भागात शिरणाऱ्या वाहनांवर शुल्क लावलं. स्टॉकहोमनं २००६ मध्ये आधी काही महिने प्रयोग केला, वाहतूक सुमारे २० टक्के घटली, मग लोकांचं मत घेतलं आणि २००७ पासून ते कायम केलं. क्रम लक्षात घ्या: आधी अनुभव, मग मतदान. प्रयोगाआधी मतदान घेतलं असतं तर शुल्काची बाजू हरली असती असं मला वाटतं.

म्हणून प्रकल्प तपासताना किती गाड्या जातील हे मी दुय्यम मानतो. माणसं किती जातील ते मोजावं. अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेनं दिलेले अंदाज असे: एका लेनमधून खासगी गाड्यांनी तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात, तीच लेन बससाठी राखली तर ४,००० ते ८,०००, तेवढ्याच रुंदीच्या पदपथावरून सुमारे ९,०००. शहरात जमीन हीच सर्वांत महाग वस्तू असते. मग पदपथ कापून गाड्यांना लेन देणं हा हिशोब कुठल्या वहीत बसतो?

याचा अर्थ नवे रस्ते नकोतच असा नाही. शहराच्या वाढत्या कडेला नवा रस्ता ही सरकारची सर्वांत फायद्याची गुंतवणूक असू शकते, फक्त ती वस्ती येण्याआधी झाली पाहिजे. मॅनहॅटनच्या रस्त्यांची जाळी १८११ मध्ये आखली गेली, तेव्हा त्यातला बराचसा भाग शेत आणि माळ होता. बार्सिलोनाच्या विस्ताराचा सेर्दा या अभियंत्याचा आराखडा १८५९ चा. संयुक्त राष्ट्रांची शहरविषयक संस्था सुचवते, की जमिनीचा किमान ३० टक्के भाग रस्त्यांना आणि दर चौरस किलोमीटरला किमान १८ किलोमीटर रस्ते असावेत. हे प्रमाण नंतर गाठायचं म्हटलं तर घरं पाडावी लागतात आणि भूसंपादन बांधकामापेक्षा महाग पडतं. आधी केलं तर जमीनमालकांच्या तुकड्यांची पुनर्रचना करून, प्रत्येकाकडून थोडी जमीन रस्त्याला घेऊन उरलेली नीट आखून परत देता येते. जपान आणि जर्मनीत ही पद्धत जुनी आहे. डांबर नंतर टाकता येतं. आधी फक्त खुणेचे दगड आणि ते हलू न देणारी यंत्रणा लागते. या कामाला पैसा फार लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच त्यात कोणाला रस नसतो.

मोठ्या प्रकल्पाचे आकडे वाचताना थोडा संशय बाळगा. फ्लिवबर्ग हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २५८ वाहतूक प्रकल्प तपासले: रस्त्यांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी २० टक्के आणि पूल-बोगद्यांचा ३४ टक्के वाढलेला होता. रस्त्यांवरच्या वाहतुकीच्या अंदाजांपैकी निम्मे २० टक्क्यांहून जास्त चुकलेले, असंही त्यांनी नंतर दाखवलं. फायद्याची बाजू 'वाचलेल्या वेळेची किंमत' धरून मांडतात. कोंडी काही वर्षांत परतणार असेल तर तो वाचलेला वेळ ३० वर्षं धरणं चूक आहे. तपासायला आलेल्या अहवालांत तो तसाच धरलेला मला अनेकदा दिसला.

पैसा कोणाकडून यावा, यावर थोडक्यात. इंधनावरचा कर वापराशी ढोबळमानानं जुळतो, पण तो महागाईप्रमाणे वाढवायची हिंमत लागते. अमेरिकेत केंद्राचा पेट्रोलवरचा कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच आहे आणि २००८ पासून त्यांच्या महामार्ग निधीत सर्वसाधारण तिजोरीतून भर घालावी लागते. विजेवरच्या गाड्या वाढल्या की हा कर आणखी आटेल. तिथल्या ओरेगॉन राज्यानं त्यासाठी २०१५ पासून अंतरावर आधारित शुल्काचा ऐच्छिक मार्ग सुरू केला. शहरापुरतं बोलायचं तर पार्किंगचं खरं मोल घेणं हे सर्वांत सोपं पहिलं पाऊल आहे, आणि सर्वांत जास्त आरडाओरडही त्यावरच होते.

कंत्राटाचा प्रकारही महत्त्वाचा. मोजमाप पुस्तकात घनमीटर लिहून बिल निघत असेल तर ठेकेदाराचा फायदा जास्त माल ओतण्यात असतो. अर्जेंटिनानं १९९० च्या दशकात पाच वर्षांची अशी कंत्राटं दिली, ज्यांत रस्ता सुधारणारा ठेकेदारच तो सांभाळतो आणि रस्ता ठरलेल्या अवस्थेत राहिला तरच पैसे घेतो. मग गटार तुंबलं की साफ करायला तो स्वतःच धावतो. पण त्यासाठी अवस्था तपासणारी स्वतंत्र माणसं लागतात. ती नसतील तर हे कंत्राट साध्या कंत्राटापेक्षा महाग आणि वाईट ठरतं.

आता तुम्ही काय करू शकता. अंदाजपत्रकाच्या वेळी एकूण तरतूद विचारू नका, ती नेहमीच मोठी असते. शहरात किती किलोमीटर रस्ते आहेत, त्यांच्या अवस्थेची शेवटची पाहणी कधी झाली आणि महसुली देखभालीला दर किलोमीटरमागे किती रक्कम येते, हे विचारा. कामाच्या वेळी थराची जाडी तपासायला कापून काढलेल्या नमुन्यांचे अहवाल मागा. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायची मुदत, संपायच्या आधी कोणी पाहणी केली का, तेही विचारा. तो काळ गुपचूप संपून जातो.

आणि उड्डाणपूल. सरसकट विरोध करू नका. रेल्वे फाटकावरचा पूल ही वेगळी गोष्ट. तिथली थांबण्याची वेळ दुसऱ्या कुठल्याच व्यवस्थेनं कमी होत नाही. चौकावरचा पूल मात्र बहुतेक वेळा गर्दी एका चौकातून उचलून पुढच्या चौकात नेऊन ठेवतो. त्यामुळे प्रकल्प अहवालात पुलाच्या पुढच्या दोन सिग्नलचा वाहतूक अभ्यास आहे का, आणि त्यात बस व पायी जाणारे मोजलेत का, एवढं बघा. माझ्यासमोर आलेले बरेचसे अहवाल पुलाच्या उतरणीपाशीच संपलेले असायचे. तुमचाही तसाच निघाला तर उरलेला अभ्यास लेखी मागा आणि तो येईपर्यंत निविदा काढू नये असं निवेदन द्या.